इंजिन सुरू करण्याचा इतिहास : वर्धा जिल्ह्यातील हँडल, सेल्फ आणि स्टार्टर

वर्धा जिल्हा यंत्रयुगात आला तो कापसामुळे. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला, त्याचे ठाणे आरंभी पुलगावजवळच्या कवठा येथे राहिले आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा हे नवे गाव आखून ते तेथे हलवण्यात आले. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची जी निकड लागली, तिच्यामुळे हिंगणघाटच्या कापसाचे नाव दूरवर झाले आणि त्या कापसाची प्रत टिकवण्यासाठी इंग्रज सरकारने मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला. या पार्श्वभूमीवर हाताने फिरवायच्या रेच्याच्या जागी वाफेवर चालणारी जिनिंग-प्रेसिंगची यंत्रे आली, तसेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हिंगणघाट आणि पुलगाव येथे सूत व कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. हा सारा तपशील गॅझेटियरमध्ये आणि आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांत सापडतो. मात्र ते इंजिन रोज सकाळी सुरू कोण करीत असे, ते सुरू झाले नाही तर कोणाला बोलावणे जाई, आणि बोलावलेला माणूस त्याच गावात राहत असे की परगावाहून येत असे, हे प्रश्न त्या लेखनात क्वचितच येतात. वस्तुतः यंत्र एखाद्या प्रदेशात रुजले की नुसतेच येऊन पडले, याची कसोटी या तीन प्रश्नांच्या उत्तरातच आहे.

वाफेचे इंजिन सुरू करणे हे तासांचे काम होते. बॉयलरखाली पहाटेच्या अंधारात विस्तव पेटवावा लागे, पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी पाहावी लागे, आणि दाब पुरेसा चढला की सिलिंडरच्या तळाचे नळ उघडून आत साचलेले गार पाणी आधी बाहेर काढावे लागे. ते राहून गेले तर दाबल्या न जाणाऱ्या पाण्यावर दट्ट्या आपटून सिलिंडरचे झाकण फुटण्याचा धोका असे. आदल्या दिवशी इंजिन थांबताना दट्ट्या त्याच्या धावेच्या अगदी टोकाशी राहिला असेल, तर वाफ कितीही सोडली तरी चाक फिरत नसे, कारण त्या स्थितीत दांडा आणि भुजा एका रेषेत येतात आणि फिरवणारा जोर शिल्लकच राहत नाही. अशा वेळी दोघातिघांनी पहार घालून ते जड गतिपालचक्र, म्हणजे इंजिनाची चाल एकसारखी ठेवणारे मोठे चाक, थोडे पुढे ढकलावे लागे. एवढ्या खटाटोपानंतर लाइनशाफ्ट, म्हणजे सर्व जिनांना गती पुरवणारी लांब दांडी, फिरू लागे आणि तिच्यावरचे पट्टे एकेका जिनवर चढवले जात.

या व्यवस्थेतला प्रत्येक दोष डोळ्यांनी दिसणारा, कानांनी ऐकू येणारा किंवा हाताला चटका देणारा होता. वाफ गळत असेल तर ती दिसे, बेअरिंग तापले तर तेलाचा वास येई, झडप नीट बसत नसेल तर फुसफुस ऐकू येई. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपत असल्यामुळे उरलेले महिने दुरुस्तीला मोकळे मिळत, आणि मोठ्या जिनांच्या आवारातच भाता, ऐरण आणि फिटरचे काम करण्याचे टेबल असे. १९२३ च्या इंडियन बॉयलर्स अ‍ॅक्टने बॉयलरांची तपासणी देशभर एका नियमाखाली आणली आणि त्याखालील नियमांनी बॉयलर सांभाळणाऱ्याला परीक्षेचा दाखला आवश्यक ठरवला. त्यापाठोपाठ १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठीही स्वतंत्र कायदा झाला. सरकारला धास्ती होती ती स्फोटाची आणि कापसातील भेसळीची, परंतु या कायद्यांमुळे यंत्र सांभाळणारा माणूस प्रथमच कागदावर आला, हा त्यांचा एक अनपेक्षित लाभ म्हटला पाहिजे.

तेलावर चालणारे इंजिन ही पुढची पायरी होय. इंग्लंडमधील ग्रँटहॅम येथील हॉर्न्सबी कंपनीने अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याच्या आराखड्यावरून १८९० च्या दशकात जी इंजिने बाजारात आणली, त्यांत सिलिंडरच्या डोक्याशी एक पोकळ लोखंडी कंद असे. फुंकदिव्याच्या ज्योतीने तो कंद काही मिनिटे तापवायचा, मग हाताने चाक मागेपुढे झुलवून एक झटका द्यायचा आणि तापलेल्या लोखंडावर पडलेले तेल पेटले की इंजिन आपोआप चालू राहायचे. त्याच दशकात रुडॉल्फ डीझेलने हवा प्रचंड दाबून तिच्या उष्णतेवरच इंधन पेटवण्याचे तत्त्व सिद्ध केले, तेव्हा फुंकदिव्याची गरज संपली, पण तेवढा दाब निर्माण करण्यासाठी सुरुवातीचे फेरे देणारा जोर मात्र बाहेरूनच द्यावा लागू लागला. बॉयलर, कोळसा आणि दाखलेवाला माणूस यांपैकी कशाचीच या इंजिनाला गरज नसल्यामुळे पिठाची गिरणी, तेलघाणा आणि छोटा जिन यांना ते परवडण्याजोगे होते. मुंबईत १८५९ साली स्थापन झालेली आणि आरंभी कापसाच्या व्यापारात असलेली ग्रीव्ह्ज कॉटन ही कंपनी पुढे इंजिनांच्या धंद्यात शिरली, ही गोष्ट कापूस आणि इंजिन यांचे नाते सांगायला पुरेशी आहे. देशी बनावटीचा आरंभ मात्र विदर्भात नव्हे, तर पश्चिम महाराष्ट्रात झाला. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकाच्या आरंभी डिझेल इंजिन तयार केले, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीच्या परंपरेतून शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली. याचा अर्थ असा की वर्ध्याच्या शेतकऱ्याचे इंजिन देशी झाले तेव्हाही त्याचे सुटे भाग जिल्ह्याबाहेरूनच येत राहिले.

नेमक्या याच काळात गांधीजींमुळे वर्धा हे यंत्रांविषयीच्या देशव्यापी वादाचे केंद्र झाले होते, आणि त्या वादाचा एक धागा येथे दुर्लक्षून चालणार नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, त्याच्या अटी पाहिल्या म्हणजे त्या लिहिणाऱ्याने यंत्राच्या बिघाडाचा किती बारकाईने विचार केला होता ते कळते. चरखा झोपडीत मावणारा, हाताने किंवा पायाने चालणारा आणि दीडशे रुपयांच्या आत बसणारा असावा, वेळच्या वेळी देखभाल केल्यास तो वीस वर्षे टिकावा, आणि त्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त होऊ नये, अशी ती मागणी होती. खुद्द किर्लोस्करवाडीत या स्पर्धेसाठी एक चरखा तयार झाला होता. परंतु ते बक्षीस अखेरपर्यंत कोणालाच मिळाले नाही. पुढे १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेथे घाणी, हातकागद, मधमाशीपालन आणि खाद्यतेलावर जळणारा ‘मगनदीप’ यांवर प्रयोग चालले. दिव्यासारख्या साध्या वस्तूचाही आराखडा रॉकेलवरचे परावलंबन टाळण्यासाठी तेथे नव्याने मांडला गेला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गांधीजींचा विजेला सरसकट विरोध होता असा समज प्रचलित असला तरी तो खरा नाही. प्रत्येक घरात वीज पोचली आणि तिची निर्मिती सरकारच्या किंवा गावाच्या मालकीची असली, तर खेडुतांनी आपली अवजारे विजेवर चालवायला आपली हरकत नाही, असे त्यांनी १९३५ च्या सुमारास लिहून ठेवले आहे.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाशिवाय जगण्याचा, जो प्रयोग केला, त्यात विहिरीचे पाणी रहाटाने काढले जाई आणि तो रहाट आश्रमातली माणसे स्वतः फिरवीत. त्या रहाटात बिघडण्यासारखे जे काही होते ते सुताराला दुरुस्त करता येत होते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेल्या नयी तालीमच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या, योजनेतही कातणे-विणणे, सुतारकाम आणि शेती हे मुख्य उद्योग धरलेले होते. इंजिन त्यांत नव्हते. ही उणीव समजण्यासारखी असली तरी तिची किंमत जिल्ह्याने मोजली, असे म्हणावे लागते. यंत्र गावात दुरुस्त होते काय, हा योग्य प्रश्न ज्या गावात विचारला गेला, तो तेथे चरख्याला विचारला गेला आणि पुढे हजारो विहिरींवर येऊन बसलेल्या इंजिनाला विचारायचा राहून गेला.

विहिरीवर इंजिन येण्यापूर्वी मोट होती. बैलजोडी उतरत्या धावेवरून खाली जाई तेव्हा चामड्याची मोट पाण्याने भरून वर येई, आणि मोट फाटली तर चांभार व नाडा तुटला तर दोर वळणारा, दोघेही हाकेच्या अंतरावर असत. स्वातंत्र्यानंतर तगाई आणि भूविकास बँकेची कर्जे यांच्या आधारे विहिरींची संख्या वाढली, आणि आर्वी-कारंजा भागातील संत्राबागा व सेलू परिसरातील केळी यांना उन्हाळ्यात पाणी तोडून चालत नसल्यामुळे पाच अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन हे शेतकऱ्याच्या प्रतिष्ठेचेही चिन्ह झाले. हे इंजिन हँडलने सुरू होई. त्याची रीत अशी की सिलिंडरची झडप उघडी धरणारा खटका आधी वर करायचा, म्हणजे आतली हवा दाबली जात नाही आणि चाक हलके फिरते. हँडलने वेग आला की खटका सोडायचा, आणि चाकात साठलेल्या गतीने पहिला दाब पार पडून इंधन पेटते. हँडल धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूला न ठेवता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा नियम प्रत्येक नवशिक्याला सांगितला जाई, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर विळख्यात अडकलेला अंगठा किंवा मनगट मोडण्याचा संभव असतो.

या इंजिनाच्या आजारांची यादी लांब नव्हती. डिझेल संपेपर्यंत चालवले तर नळीत हवा शिरे. मग फिल्टरवरचा आणि पंपावरचा बोल्ट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे लागे, यालाच ‘एअर काढणे’ म्हणत. नोझलच्या, म्हणजे इंधनाचा फवारा सोडणाऱ्या तोटीच्या, तोंडाशी काजळी धरली तर इंजिन काळा धूर टाकी. रिंगा झिजल्या तर हँडल हलके लागे आणि इंजिन पेट घेत नसे. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी तेल घट्ट झालेले असे, तेव्हा हवा आत घेणाऱ्या तोंडाशी पेटता बोळा धरून आत ऊब पोचवण्याची युक्ती सर्वत्र वापरात होती. कंपनीच्या पुस्तिका काहीही सांगोत, तिच्यावाचून रब्बीचे पाणी अडले असते. यांपैकी निम्मी कामे शेतकरी स्वतः करी आणि उरलेली बाजाराच्या गावचा मिस्त्री करी. हँडलने सुरू होणाऱ्या इंजिनात वायर नावाची वस्तूच नसल्यामुळे त्याचा दोष नेहमी कोठेतरी ठोस जागी असे, आणि हे त्याचे सर्वांत मोठे सामर्थ्य होते.

याच जातीची इंजिने त्याच दशकांत कोकण किनाऱ्यावर नौकांत बसत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारी कर्जे आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांच्यामार्फत तेथील शिडाच्या होड्यांना यंत्र मिळाले आणि त्यातून जमिनीवरच्या मिस्त्रीहून निराळा, खारे पाणी ओळखणारा असा एक कारागीर-वर्ग तयार झाला. वर्धा जिल्ह्याची पश्चिम सीमा आखणारी, बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा नदी मात्र पावसाळ्यात दुथडी वाहते आणि उन्हाळ्यात खडकांमधल्या डोहांपुरती उरते. पैलतीरी कौंडण्यपूरला किंवा यवतमाळकडच्या गावांना जाणाऱ्यांसाठी भोई-ढिवरांचे डोंगे आणि नावा बांबूने किंवा वल्ह्याने चालत, आणि दोन काठांमधले अंतर इंजिनाचा खर्च मागण्याएवढे नव्हतेच. बोर, धाम आणि निम्न वर्धा या प्रकल्पांचे जलाशय झाल्यावरही तेथील मासेमारी मुख्यतः वल्ह्यांवरच राहिली. त्यामुळे किनाऱ्यावर जे इंजिन पाण्यावर तरंगले ते वर्ध्यात काठावर बसले आणि नदीचे पाणीच उपसून शेतात नेऊ लागले.

विजेची तार इंजिनाच्या अंगावर चढली ती ‘सेल्फ’च्या रूपाने. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारगाडीवर १९१२ मध्ये बसला, आणि हँडलचा झटका न सोसता गाडी सुरू करण्याची सोय जगभर पसरली. विदर्भात हे ज्ञान प्रामुख्याने बसगाड्या आणि मालमोटारींच्या मार्गाने आले. मध्य प्रांताच्या सरकारी प्रवासी वाहतूक सेवेचे आगार १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई राज्याकडे आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाकडे आले, तेव्हा वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट यांसारख्या आगारांतून बॅटरी, डायनामो आणि सेल्फ सांभाळणारे कुशल कामगार असणे अपरिहार्य ठरले. १९५० मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून निघालेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, म्हणजे लोकांच्या भाषेत आयटीआयने, वायरमन, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक असे व्यवसाय शिकवायला घेतले. नयी तालीमने न उचललेला विषय अशा रीतीने शासनाच्या दुसऱ्याच खात्याने उचलला. नागपूर रस्त्यावर आणि तालुक्यांच्या गावी ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ अशी पाटी लावलेली जी छोटी दुकाने पुढे दिसू लागली, त्यांची पाळेमुळे या दोन ठिकाणी आहेत.

सेल्फचे तंत्र थोडक्यात असे सांगता येते. बॅटरीतून निघणारी एक जाड केबल सोलेनॉइडपाशी येते. सोलेनॉइड हे विजेच्या चुंबकावर चालणारे मोठे बटण असून चावी फिरवली की पातळ तारेतून आलेल्या लहान प्रवाहाने ते ओढले जाते आणि जाड केबलचा मोठा प्रवाह सेल्फच्या मोटरीत सोडते. मोटरीच्या टोकाचा लहान दंतचक्र-भाग, ज्याला मिस्त्री ‘बेंडिक्स’ म्हणतात, पुढे सरकून इंजिनाच्या चाकाच्या दात्यांत बसतो आणि इंजिन सुरू होताच सुटतो. परतीचा प्रवाह स्वतंत्र तारेने न जाता इंजिनाच्या व गाडीच्या लोखंडातूनच बॅटरीकडे जातो, आणि त्यालाच ‘अर्थ’ म्हणतात. येथे दोष शोधणे एकदम अवघड का झाले ते एका साध्या गणिताने कळते. सुरू होण्याच्या क्षणी डिझेल इंजिनाचा सेल्फ सहज दोनशे अँपिअर प्रवाह ओढतो. अशा वेळी गंजलेल्या टर्मिनलवर एका ओमचा केवळ शंभरावा भाग एवढा अडथळा असला, तरी बारा व्होल्टांपैकी दोन व्होल्ट त्या सांध्यातच खर्च होतात. तोच सांधा दिव्याच्या चार अँपिअर प्रवाहाला नगण्य अडथळा करतो. म्हणून दिवा लख्ख लागतो आणि सेल्फ मात्र नुसता ‘टक्’ करून थांबतो, आणि मालक निर्दोष बॅटरी बदलून पैसे घालवतो.

अनुभवी कारागिरांनी यावर मीटर हाती येण्यापूर्वीच एक पद्धत बसवली होती, आणि ती तर्काच्या दृष्टीने काटेकोर आहे. दिवा लावून ठेवायचा आणि सेल्फ मारायचा. दिवा जवळजवळ विझला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा बॅटरीच्या टोकाशी सांधा खराब आहे. दिवा तसाच राहिला आणि नुसता टक् आवाज आला, तर सोलेनॉइडचे संपर्क जळलेले आहेत, किंवा पुढची केबल, अर्थ अथवा मोटरीतले कार्बन ब्रश यांपैकी काही तुटले आहे. आवाजच आला नाही, तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची पातळ तार तपासायची. आणि मोटर घूं करून फिरली पण इंजिन हलले नाही, तर बेंडिक्स अडकले आहे. वायरिंगमधला दोष हाताने चाचपून सापडत नाही, कारण रबरी आवरणाच्या आत तांब्याचे पेड काळे पडून भुकटी झालेले असतात आणि बाहेरून तार शाबूत दिसते. वर्ध्यात हे खाऱ्या हवेने होत नाही. येथे उन्हाळ्यातली होरपळ आवरण कडक करते, काळ्या मातीची धूळ सांध्यांत बसून पावसाळ्यात ओल धरते, आणि गोठ्यात उभ्या केलेल्या ट्रॅक्टरची वायर उंदीर कुरतडतात. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर पाना टेकवून थेट सेल्फ फिरवण्याची जी सवय सर्वत्र आढळते, ती दोष शोधण्यापुरती समर्थनीय असली तरी गिअरमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर अशा वेळी समोर उभ्या माणसाच्या अंगावर चालून येऊ शकतो, हे विसरून चालत नाही.

बोटीचे इंजिन वर्धा जिल्ह्यात अखेर आले ते २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर, बचावाच्या रबरी बोटींबरोबर. वणा, यशोदा आणि वर्धा या नद्यांचे पूर हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांना नवे नाहीत. २०२२ च्या जुलैमधील अतिवृष्टीतही ते अनुभवास आले. बोटीच्या मागे टांगायचे पेट्रोलचे इंजिन वर्षातले बहुतेक दिवस कोठारात पडून असते, आणि इंजिनाचा खरा शत्रू वापर नसून हेच पडून राहणे होय. उभ्या बॅटरीत सल्फेटचा थर धरतो, कार्ब्युरेटरमध्ये उरलेले पेट्रोल सुकून चिकट होते, आणि पाण्यात पडलेल्या माणसाची सुरक्षा-दोरी ओढली गेल्यावर इंजिन बंद करणारी खुंटी जागेवर नसेल तर उत्तम इंजिनही सुरू होत नाही. नवख्या हाताला यातले शेवटचे कारण सर्वांत उशिरा सुचते. ओढायची दोरी आणि विजेचा सेल्फ अशा दोन्ही सोयी असलेले इंजिन अशा कामाला श्रेयस्कर, कारण मेलेल्या बॅटरीला दोरी हा जुन्या हँडलचाच पर्याय आहे.

तथापि जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांच्या तोंडी ‘स्टार्टर’ हा विहिरीवरच्या विजेच्या मोटरीच्या पेटीसाठीच येतो, आणि या इतिहासातला सर्वांत खर्चिक भाग त्या पेटीभोवती घडला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर ग्रामीण विद्युतीकरणाला वेग आला आणि डिझेल इंजिने हळूहळू गोठ्यात गेली. तीन फेजवर चालणारी पाच अश्वशक्तीची मोटर एरवी सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते, पण सुरू होताना त्याच्या सहापट; म्हणून पाच अश्वशक्तीपर्यंत थेट जोडणारा आणि त्यापुढे स्टार-डेल्टा पद्धतीचा, म्हणजे आधी कमी दाबावर मोटर फिरवून मग पूर्ण दाब देणारा, स्टार्टर बसवतात. पेटीतली नो-व्होल्ट कॉइल वीज जाताच संपर्क सोडून देते, आणि ओव्हरलोड रिले जास्त प्रवाह झाला की मोटर तोडते. ही व्यवस्था कागदावर निर्दोष आहे. परंतु तीनपैकी एक फेज गेला तर चालती मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधून ती पावणेदोन पट प्रवाह ओढत राहते, आतली गुंडाळी तापते आणि काही मिनिटांत तिचे वार्निश जळते. गावातल्या डीपीवरचा, म्हणजे रोहित्रावरचा, फ्यूज उडाला की एका वेळी अनेकांच्या मोटरी अशा जळत. त्याला उपाय म्हणून एक फेज गेल्यास मोटर बंद करणारे उपकरण निघाले, आणि शेतकऱ्याने बहुधा तेच काढून टाकले. कारण दोन फेजवर आणि कंडेन्सर लावून का होईना, पिकाला पाणी मिळणे त्याला मोटरीच्या आयुष्याहून तातडीचे होते. या निर्णयाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण वीज आठवड्यातून काही तासच येणार असेल तर तो हिशोब त्याच्या बाजूने चुकीचा ठरत नाही.

भारनियमनाच्या काळात वीज रात्री येऊ लागली, तेव्हा वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा ‘ऑटो स्विच’ घरोघरी पोचला. त्याचा परिणाम असा झाला की भागातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होऊ लागल्या, सहापट प्रवाहांची बेरीज रोहित्रावर पडू लागली, दाब कोसळला आणि पुन्हा मोटरीच जळल्या. या आपत्तीवर जगणारा एक संपूर्ण व्यवसाय जिल्ह्यात उभा राहिला, तो म्हणजे रिवायंडिंगचा. जळलेली गुंडाळी कापून काढणे, खाचांत नवा कागद बसवणे, तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरणे, वार्निश करून वाळवणे आणि सिरीज बोर्डावर दिवा लावून तपासणे, हे काम तालुक्याच्या गावी एक-दोन दिवसांत होते. खोल कूपनलिकेतली पाणबुडी मोटर असेल तर ती वर काढायला चेन-पुली आणि चार माणसे लागतात, आणि कित्येकदा काढण्याची मजुरी रिवायंडिंगइतकीच होते. चरखा-स्पर्धेची पाच टक्क्यांची मर्यादा या मोटरीला लावली तर वर्षातून एकदा जळणारी मोटर ती अनेक पटींनी ओलांडते, परंतु दुरुस्ती जवळच्या कारागिराकडे होते काय, या कसोटीला ती बरीचशी उतरते. जिल्ह्यातील यंत्रांच्या इतिहासात या कारागिरांचा वाटा जिनमालकांपेक्षा कमी लेखण्याचे कारण नाही.

अलीकडच्या सौर कृषिपंपांनी हे समीकरण पुन्हा बदलले आहे. २०१९ मध्ये केंद्र शासनाची कुसुम योजना आणि तिच्या आगेमागे राज्य शासनाच्या योजना आल्या, त्यांतून बसणाऱ्या पंपाला ना हँडल आहे, ना सेल्फ, ना कॉइल आणि रिले असलेली पेटी. पॅनेलचा एकदिश प्रवाह कंट्रोलर नावाच्या इलेक्ट्रॉनिक पेटीतून मोटरीला जातो, मोटर हळूहळू वेग घेत असल्यामुळे सहापट प्रवाहाचा धक्का राहत नाही, आणि रात्री पाणी द्यायला जाण्याची सक्तीही उरत नाही. हे लाभ लहान नाहीत. मात्र कंट्रोलर बंद पडला की त्याच्या पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो, पेटी उघडली तर हमी संपते, आणि हमीच्या पाच वर्षांत दुरुस्तीसाठी पुरवठादार कंपनीकडे तक्रार नोंदवून तिच्या माणसाची वाट पाहावी लागते. तालुक्यातील रिवायंडिंगवाल्यांपैकी काहींनी या पेट्यांतली कार्डे दुरुस्त करायला शिकून घेण्यास सुरुवात केली आहे. पण सुटी कार्डे आणि त्यांचे आराखडे त्यांना खुले मिळत नाहीत, आणि शासनाच्या निविदांत दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी झाली पाहिजे अशी अट घालण्यावर हा प्रश्न सुटणे आता अवलंबून आहे.